मत्स्यपारधीतील आमिषे

माशाला गळाकडे आकर्षित करण्यासाठी व त्याने गळ तोंडात घ्यावा यासाठी जो खाद्यपदार्थ किंवा खाद्याचा आभास निर्माण करणारी जी वस्तू वापरतात, तीस आमिष असे म्हणतात. ‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस असा असून ‘सामिष’ व ‘निरामिष’ या शब्दांत तो टिकून आहे. पुढे गळाला लावलेले भक्ष्य आणि त्यावरून प्रलोभन हे अर्थ त्याला प्राप्त झाले. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरी टाकणे’ किंवा ‘गरवणे’ म्हणतात. उदरनिर्वाहासाठी केलेली मासेमारी आणि करमणुकीसाठी केलेली मत्स्यपारध यांतील साधने पुष्कळदा सारखीच असतात. तथापि आमिषांच्या प्रकारांत जी विविधता आली, ती मुख्यतः मत्स्यपारधीमुळे होय.

आमिषांचे नैसर्गिक व कृत्रिम असे दोन मुख्य वर्ग करतात. गांडुळे, कीटक व त्यांच्या अळ्या, कोळंबी, माकूल, बेडूक, जिवंत किंवा मृत लहान मासे, माशांचे तुकडे, फळे, कणीक आणि धान्याच्या पिठाचे गोळे ही नैसर्गिक आमिषे होत. पिसे, लोकर, धातू, लाकूड, रबर किंवा प्लॅस्टिक यांपासून तयार केलेली माशी, चमचा, फिरकी, लाकडी मासा इ. कृत्रिम आमिषे होत. नैसर्गिक आमिषाची जागा कालांतराने कृत्रिम आमिषाने घेतली, असा समज रूढ आहे. वस्तुतः दोहोंचा विकास बरोबरीने झाला असून माशाचे खाणे, पाहणे व वागणे यांविषयी त्या त्या काळी माणसाला जे ज्ञान होते, ते त्या काळच्या आमिषात उतरलेले दिसते. आमिष मिळविण्याचे व वापरण्याचे परिणाम मात्र पकडल्या जाणाऱ्या माशापुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

आमिष व माशांच्या संवेदना : मासा गंध, चव, दृष्टी आणि पाण्यातील कंपने यांच्या आधारे भक्ष्य शोधतो. कंपनांची जाणीव त्याला शरीराच्या दोन्ही बाजूंवर असलेल्या पार्श्वरेखेमुळे होते. रोहू, कटला, कार्प इ. माशांना गंध व चव यांची जाणीव तीव्र असल्याने त्यांच्यासाठी पिठाची व गंधयुक्त आमिषे उपयुक्त ठरतात. ट्राउट, पाइक, बॅस, मरळ, जिताडा यांसारखे भक्षक मासे हालचालीकडे धावत असल्यामुळे जिवंत किंवा हलते आमिष त्यांना अधिक आकर्षित करते. मरळ पकडण्यासाठी जिवंत बेडूक लावण्याची महाराष्ट्रातील पद्धत याच गुणावर आधारलेली आहे.

भूक हे आमिष घेण्याचे एकमेव कारण नव्हे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन मासा खाणे जवळजवळ बंद करतो, तरीही तो कृत्रिम माशीवर झेप घेतो. जपानमध्ये आयू हा मासा पकडताना दोरीला जिवंत आयूच बांधून पाण्यात सोडतात. दगडांवरील शेवाळ खाणारा हा मासा आपल्या क्षेत्रात दुसऱ्या आयूला येऊ देत नाही. आगंतुकावर हल्ला करताना तो मोकळ्या गळात अडकतो. येथे आमिष हे खाद्य नसून प्रतिस्पर्धी असते.

प्राचीन काळ : गळाचा वापर अत्यंत प्राचीन आहे. जपानमधील ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शिंपल्यापासून बनविलेले, सु. २३,००० वर्षांपूर्वीचे गळ मिळाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वक्र गळाखेरीज दोन्ही टोके अणकुचीदार असलेली हाडाची किंवा लाकडाची लहान कांडीही अनेक ठिकाणी वापरात होती. ती आमिषात लपवीत. माशाने आमिष गिळले, की दोरीच्या ओढीने ती त्याच्या घशात आडवी होई. अशा साधनात आमिष गिळले जाणे अपरिहार्य होते. पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशियन लोक मोत्याच्या शिंपल्याचा चकाकणारा गळ होडीमागून वेगाने ओढीत. शिंपल्याची चकाकी हीच लहान माशाचा आभास निर्माण करीत असल्याने वेगळ्या खाद्याची गरज भासत नसे. कृत्रिम आमिष हा केवळ यूरोपीय छंदाचा शोध नव्हे, हे यावरून दिसून येते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणि या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाचा समावेश आहे. हल्लीच्या महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा मोठा भाग या राजाच्या अमलाखाली होता. समुद्रातील व नद्यांतील, खवले असलेले व नसलेले असे माशांचे भेद सांगून कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, हे या प्रकरणात दिले आहे. पीठ, शिजवलेले धान्य व मांस यांचे गोळे ठराविक जागी टाकून माशांना तेथे येण्याची सवय लावावी आणि नंतर त्यांची पारध करावी, अशी ही पद्धत होय. काठी, दोरी, गळ व पाण्यावर तरंगणारी खूण यांचेही वर्णन त्यात आढळते. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. माशांच्या जातीनुसार आमिष निवडण्याचा विचार भारतात बाराव्या शतकात ग्रंथबद्ध झाला होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

कृत्रिम माशी : कृत्रिम माशीचे सर्वांत जुने निःसंदिग्ध वर्णन ईलियन या रोमन लेखकाच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात (इ. स. सु. २००) मिळते. मॅसिडोनियातील एका नदीत ठिपकेदार मासे पाण्यावरील एक विशिष्ट माशी खात असत. परंतु माणसाचा हात लागताच त्या माशीचा रंग उडे व तिचे पंख सुकून जात. त्यामुळे ती आमिष म्हणून निरुपयोगी ठरे. यावर उपाय म्हणून तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची दोन पिसे बसवीत. नैसर्गिक आमिष टिकवता येत नाही, या व्यावहारिक अडचणीतून ही कृत्रिम माशी निर्माण झाली होती. ती खेळातील कौशल्य दाखविण्यासाठी तयार केलेली नव्हती.

इंग्लंडमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने १४९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात बारा माश्यांची वर्णने असून त्या कोणत्या महिन्यात वापराव्यात, हेही दिले आहे. हा प्रबंध परंपरेने जूलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर सांगितला जातो. परंतु त्याला आधार नाही. आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या द कंप्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाने मत्स्यपारधीला चिंतनशील करमणुकीची प्रतिष्ठा दिली. तथापि वॉल्टनचा भर गांडुळे, अळ्या, लहान मासे व बेडूक या नैसर्गिक आमिषांवर होता. कृत्रिम माशीचे सविस्तर विवेचन १६७६ च्या आवृत्तीला चार्ल्स कॉटन (१६३०–८७) याने जोडलेल्या दुसऱ्या भागात आले. जिवंत बेडूक गळाला लावण्याची वॉल्टनने दिलेली कृती पुढे टीकेचा विषय झाली. बायरननेही डॉन वान या काव्यात वॉल्टनच्या क्रौर्यावर प्रहार केला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हँपशरमधील टेस्ट व इचिन या चुनखडीच्या प्रदेशातील स्वच्छ नद्यांवर ट्राउटच्या पारधीचे शास्त्र विकसित झाले. फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) याने फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम (१८८६) या ग्रंथात पाण्यावर तरंगणाऱ्या ‘कोरड्या’ माशीचा पुरस्कार केला. पृष्ठभागावर खाणारा मासा प्रथम डोळ्यांनी हेरावा, तो जी माशी खात असेल तिची हुबेहूब प्रतिकृती त्याच्यापुढे टाकावी, असा त्याचा दंडक होता. त्याचे अनुयायी या पद्धतीस नैतिक श्रेष्ठत्व देऊ लागले. जी. ई. एम. स्क्यूझ (१८५८–१९४९) याने पकडलेल्या माशांच्या जठरातील अन्न तपासले, तेव्हा ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखाली, कीटकांच्या अपक्व अवस्थांच्या रूपात घेतो असे त्याला आढळले. मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम (१९१०) या ग्रंथात त्याने पाण्याखालील आमिषाची बाजू मांडली. हा वाद लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये १९३८ मध्ये झालेल्या चर्चेपर्यंत चालू राहिला. वाद वरकरणी शिष्टाचाराचा असला, तरी त्यामुळे जलकीटकांच्या जीवनक्रमाचे बारकाईने निरीक्षण झाले.

पिसांची मागणी : सॅमनसाठी तयार करण्यात येणाऱ्या माशीला कोणत्याही खऱ्या कीटकाशी साम्य राखण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे व्हिक्टोरियन काळात ती अतिशय रंगीबेरंगी झाली. जॉर्ज केल्सन याच्या द सॅमन फ्लाय (१८९५) या ग्रंथात अशा माश्यांच्या तपशीलवार कृती आहेत. त्यांसाठी दक्षिण अमेरिकेतील व आशियातील पक्ष्यांची पिसे लागत. दक्षिण भारतात व सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना विशेष मागणी होती. या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. परदेशांतील नद्यांवरील छंदासाठी येथील रानातील पक्षी मारले जात, हे या व्यापाराचे वास्तव होते. पक्ष्यांच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्यांमुळे विसाव्या शतकात तो आटोक्यात आला.

जुन्या कृतींनुसार माश्या तयार करण्याचा छंद मात्र टिकून राहिला. यांतील बऱ्याच माश्या पाण्यात टाकल्याही जात नाहीत; त्या संग्रहासाठीच असतात. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील प्रकृतिविज्ञान संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ नमुने चोरीस गेले. त्यांची पिसे माश्या बनविणाऱ्यांना विकण्यात आली. या नमुन्यांत आल्फ्रेड रसेल वॉलिस याने गोळा केलेले काही नमुनेही होते. अनेक नमुने परत मिळाले. परंतु स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी तुटल्यामुळे त्यांपैकी पुष्कळांचे शास्त्रीय मूल्य नष्ट झाले.

धातू, लाकूड व प्लॅस्टिक : चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष पाण्यातून ओढले असता डोलते व चमकते, त्यामुळे जखमी माशाचा आभास होतो. अमेरिकेतील जूलिओ ब्यूल (१८०६–८६) याने अशा आमिषाचे १८५२ मध्ये एकस्व घेतले. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला व एका मोठ्या माशाने तो गिळला, यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. मिशिगन राज्यातील डोवाजिॲक येथील जेम्स हेडन (१८४५–१९११) याने लाकडाची आमिषे कोरली व विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा कारखाना उभारला.

फिनलंडमधील लाउरी रापाला (१९०५–७४) या मच्छीमाराने पैयान्ने सरोवरावर एक साधे निरीक्षण केले. भक्षक मासे थव्यातील नेमका जरा वेडावाकडा पोहणारा मासा निवडतात. तशी चाल साधणारे आमिष त्याने १९३६ मध्ये तयार केले. त्यासाठी त्याने बूच व झाडाची साल वापरली, वरून चॉकलेटची चांदी लावली आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. महिन्याची कमाई वाढवावी, एवढाच त्याचा हेतू होता. १९६२ मध्ये लाइफ या अमेरिकन नियतकालिकात त्याच्याविषयी लेख आल्यावर हे आमिष जगभर पसरले. ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम याने १९४९ मध्ये मऊ व्हिनाइल प्लॅस्टिकचे गांडूळ साच्यातून काढले. यामुळे कृत्रिम आमिषाला स्पर्शातही खऱ्या भक्ष्याचे साम्य प्राप्त झाले.

याच सुमारास नैसर्गिक आमिषांतही मोठा बदल घडून आला. इंग्लंडमध्ये १९७० नंतर फ्रेड विल्टन याने प्रथिनयुक्त पिठे अंड्यात मळून व उकळून तयार केलेल्या गोळ्यांचा कार्प माशांसाठी पुरस्कार केला. उकळल्याने बाहेरचे आवरण कडक होते व लहान मासे गोळा कुरतडू शकत नाहीत. १९८० च्या सुमारास लेन मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांनी गोळा गळावर न टोचता बारीक धाग्याने गळाबाहेर लटकविण्याची युक्ती प्रचारात आणली. मासा गोळा चोखून घेतो आणि संशय येऊन थुंकू लागतो, तेव्हा मोकळा गळ त्याच्या ओठात रुततो. पिठाचा गोळा हे जुने आमिष अशा रीतीने नव्या ज्ञानासह पुन्हा पुढे आले.

भारतातील महसीर : भारतातील मत्स्यपारधीचा प्रमुख मासा महसीर होय. महाराष्ट्रात त्याच्या एका जातीस खडस किंवा खडशी म्हणतात. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या या जातीचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये केले. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा द रॉड इन इंडिया (१८७३) हा ग्रंथ मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. महसीर हा फळे, धान्य, खेकडे, गोगलगाई व लहान मासे असे सर्व काही खाणारा असल्याने त्याच्यासाठी धातूचा चमचा, मृत मासा व भाजलेले हरभरे ही सर्व आमिषे उपयोगी पडतात. कावेरीवर मात्र नाचणीचे पीठ शिजवून घट्ट केलेला गोळा हेच प्रमुख आमिष ठरले. वेगवान प्रवाहातही तो गळावर टिकून राहतो. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी मासे धरणाऱ्या स्थानिकांचे ज्ञान त्यामागे होते आणि परदेशी पाहुण्यांचे यशही बहुधा त्यांच्याच हातच्या गोळ्यावर अवलंबून असे. १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा महसीर पकडला गेला.

१९७७-७८ मध्ये ब्रिटनमधील तीन हौशी पारधकऱ्यांच्या मोहिमेने कावेरीतील मोठ्या महसीरांकडे पुन्हा लक्ष वेधले. त्यानंतर पकडलेला मासा मोजून जिवंत सोडण्याची पद्धत तेथे रूढ झाली. सुरुंगाच्या दारूने मासे मारणारे पूर्वीचे काही लोक मार्गदर्शक म्हणून काम करू लागले. याच काळात महाराष्ट्रातील लोणावळा येथील टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढविलेली खडसाची पिल्ले कावेरीत सोडण्यात आली. हेतू संवर्धनाचा होता. परंतु गालिबोर येथील पारधीच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बाहेरून आणलेली जात वाढत असून कावेरीतील मूळची मोठी, वशिंडाची महसीर झपाट्याने घटत असल्याचे दिसून आले. प्रचंड आकारासाठी शतकाहून अधिक काळ प्रसिद्ध असलेल्या या माशाला निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. तो टॉर रेमादेवी या जातीचा असल्याचे २०१८ मध्ये ठरले व त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाचणीच्या गोळ्यावर पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी नसत्या, तर ही घट लक्षात येणे कठीण होते.

दरम्यान अभयारण्यांतील मत्स्यपारध बंद झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखविणे याचाही अंतर्भाव आहे. कावेरी अभयारण्यातील पारधीच्या छावण्या २०१० नंतर बंद पडल्या. पारध थांबल्याने मासे वाचतात असे एक मत आहे. तर पारध थांबल्याने नदीवरील राबता कमी होऊन चोरट्या मासेमारीस मोकळीक मिळते, असे दुसरे मत आहे.

परिणाम व निर्बंध : आमिषामुळे होणारे परिसरावरील परिणाम विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. स्कॉटलंडमधील लॉक लोमंड या सरोवरात पाइकसाठी जिवंत आमिष म्हणून आणलेला रफ हा मासा १९८२ मध्ये आढळला. तेथील दुर्मिळ पॉवन माशाची अंडी तो खातो. उत्तर अमेरिकेतील हिमयुगानंतर गांडूळविरहित राहिलेल्या जंगलांत उरलेले आमिष फेकून दिल्याने परकी गांडुळे पसरली. ती जमिनीवरील पालापाचोळा झपाट्याने संपवीत असल्यामुळे तेथील वनस्पतींचे पुनरुत्पादन बिघडते. आमिष बुडविण्यासाठी वापरलेल्या शिशाच्या मण्यांमुळे हंसांना विषबाधा होत असल्याने ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. तुटून पाण्यात राहिलेली मऊ प्लॅस्टिकची आमिषे कुजत नाहीत व मासे ती गिळतात.

मासा जिवंत सोडायचा असेल, तर आमिषाची निवड महत्त्वाची ठरते. नैसर्गिक आमिष मासा सहसा खोलवर गिळतो. त्यामुळे गळ घशात किंवा जठरात रुतून सोडलेला मासा मरण्याचा संभव वाढतो. हलते कृत्रिम आमिष बहुधा ओठातच अडकते. म्हणून काही नद्यांवर केवळ कृत्रिम माशी व बिनकाट्याचा गळ वापरण्याचा नियम आहे. मॅसिडोनियात सोयीसाठी निर्माण झालेल्या व हँपशरमध्ये शिष्टाचाराचा विषय झालेल्या कृत्रिम माशीला अशा प्रकारे मासा वाचविण्याचे साधन म्हणून नवे प्रयोजन प्राप्त झाले आहे.